ट्रेलरचा डावाच टायर परत परत फुटतोय? आधी वजनकाट्यावर जा

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण ज्यांच्याकडे गाडीमागे ओढायचा ट्रेलर आहे, मग तो फिरायला जायचा कॅराव्हॅन असो, नाश्त्याची गाडी असो की बोट न्यायचा असो, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच. आम्ही ह्या एका प्रॉब्लेममध्ये दोन वर्षं आणि तीन टायर घालवलेत आणि एकदा तर मुलं मागच्या सीटवर झोपलेली असताना हे झालंय, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आम्ही खारघरला राहतो. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हा घरात ह्या विषयाची खूप चर्चा झाली आणि त्याच वर्षाअखेरीस आम्ही एका फॅब्रिकेटरकडून छोटा ट्रेलर बनवून घेतला. एकच अ‍ॅक्सल, दोन चाकं, १२ इंची रिम, आत दोन बेड, मागे छोटं किचन. बोलेरोच्या मागे लावतो आणि अलिबाग, काशीद, माळशेज, कर्जत असं महिना-दोन महिन्यातून एकदा निघतो. वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर होतात. म्हणजे टायर झिजायचा प्रश्नच नाही, आणि तरीही मे २०२३ मध्ये अलिबागला जाताना पेणच्या पुढे पहिला फुटला, फेब्रुवारी २०२४ मध्ये माळशेजहून परत येताना मुरबाडच्या अलीकडे दुसरा, आणि एप्रिल २०२५ मध्ये जुन्या हायवेला खोपोलीजवळ तिसरा.

प्रत्येक वेळी ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, नवाकोरा. बोट घालून बघा, खाचा पूर्ण खोल. कायद्याने कारला १.६ मिलिमीटर ट्रेड लागतो, आमचा त्याच्या चौपट असेल.

प्रत्येक वेळी कारणही वेगळं मिळालं. पेणला पंक्चरवाल्याने सांगितलं खिळा गेला असेल. मुरबाडला सांगितलं हवा जास्त झाली, उन्हात फुगून फुटला, आता २५ च ठेवा. खोपोलीला सांगितलं टायरच हलका आहे, कंपनी बदला. आम्ही तिन्ही ऐकलं. हवा कमी केली, आणि तिसरा फुटला तो हवा कमी केल्यावरच फुटला.

खोपोलीहून घरी आल्यावर मी वही काढली. ट्रेलरचा खर्च मी पहिल्यापासून वहीत लिहिते, डिझेल, टोल, पंक्चर सगळं. तिन्ही नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा लक्षात आलं की तिन्ही वेळा डावा. रिम बदललेलं, टायर बदललेला, ऋतू वेगळा, रस्ता वेगळा, पण बाजू तीच. खिळे काय फक्त डाव्या बाजूलाच असतात का? मग टायरचा दोष नाही, ट्रेलरमध्येच काहीतरी आहे, हे मी ह्यांना त्याच रात्री सांगितलं.

फुटलेला टायर फेकू नका, ही माझी पहिली विनंती. आमचा तिसरा टायर आम्ही तुर्भ्याला एका जुन्या टायरवाल्या मामांकडे घेऊन गेलो, ट्रकचेच टायर करतात ते जास्त. त्यांनी टायर जमिनीवर आडवा टाकला, बाहेरून बघितलंच नाही, सरळ आत हात घातला आणि तळवा वर करून दाखवला. सगळा काळा. कोळशाच्या भुकटीसारखी रबराची बारीक पूड, मधे मधे गोळ्या झालेल्या. मग त्यांनी साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या बाजूला बोट फिरवलं, तिथे गोल सगळीकडे एक पट्टा घासून खरखरीत झालेला, आणि एका ठिकाणी दोऱ्या उघड्या पडलेल्या. मामा म्हणाले, "ताई, हा एका मिनिटात फुटलेला नाही. हा किती तरी किलोमीटर दबून चाललाय, आतून शिजलाय." खिळ्याने किंवा दगडाने तिथल्या तिथे फुटला असता तर एका जागी भोक किंवा चीर दिसली असती, आतला बाकीचा भाग स्वच्छ राहिला असता.

दबून चालणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण सगळं ह्याच्यावर आहे. टायर वजन पेलतो ते आतल्या हवेच्या जोरावर. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर साइडवॉल खाली जास्त वाकते, चाक फिरलं की ती सरळ होते, परत वाकते, एका किलोमीटरमध्ये काही शे वेळा. एखादी तार हाताने पुढेमागे वाकवत राहिलो की ती गरम होऊन तुटते ना, अगदी तसंच. त्या उष्णतेने रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मग एक दिवस धाडकन. कारमध्ये आपण बसलेलो असतो, टायर बसला की स्टेअरिंग ओढतं, आवाज येतो, कळतं. ट्रेलरमध्ये कोणी बसलेलं नसतं आणि पुढे बोलेरोसारखी दणकट गाडी असली की ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही, मुरबाडला तर आम्हाला मागून आलेल्या बाइकवाल्या मुलांनी हात करून थांबवलं, तोपर्यंत टायरच्या चिंध्या झालेल्या.

मग प्रश्न राहिला की वजन जास्त की हवा कमी. उत्तर दोन्ही निघालं.

टायरवरचे आकडे आम्ही तोपर्यंत कधी वाचलेच नव्हते. आमच्यावर होतं १४५/८० आर १२ ७४ टी. हा साधा छोट्या कारचा टायर, अल्टोला असतो तो साइज. ह्यातला ७४ हा लोड इंडेक्स, त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ३७५ किलो पेलणार. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही कारण ट्रेलर घेऊन साठ-सत्तरच्या वर कोणी जाऊच नये. ७४ हा आकडा मात्र सोन्यासारखा आहे. दोन टायर मिळून ७५० किलो. फॅब्रिकेटरने आम्हाला ट्रेलर "सहा-साडेसहाशे किलोचा" सांगितला होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण तो रिकामा, बिना पाण्याचा, बिना सामानाचा, आणि त्यानंतर आम्ही त्यात काय काय भरलं ते कोणी मोजलं?

म्हणून एका रविवारी सकाळी ट्रिपला निघतो तसा पूर्ण भरून, पाण्याची टाकी फुल करून, गाद्या भांडी सिलेंडर सगळं ठेवून आम्ही कळंबोलीला गेलो. स्टील मार्केटच्या बाजूला वजनकाटे भरपूर आहेत. आधी ट्रेलर सोडवून नुसता काट्यावर उभा केला, ८२० किलो. मग बोलेरोला जोडून फक्त ट्रेलरची दोन चाकं काट्यावर ठेवली, ७६० किलो, म्हणजे उरलेले ६० हूकवर बोलेरो उचलतेय, ते ठीक आहे. आणि मग मी काटेवाल्या दादांना म्हटलं की आता फक्त डावं चाक चढवायचंय, उजवं बाहेर जमिनीवर ठेवायचं. ते आधी बघतच राहिले, त्यांना वाटलं मला काटा कळलाच नाहीये. पण सकाळची वेळ, मागे लाइन नव्हती, काटाही जमिनीच्या लेव्हलचा होता, त्यांनी स्वतः बाहेर येऊन हात दाखवून गाडी लावून दिली. मी खिडकीतून आतल्या लाल आकड्यांकडे बघत होते. तो काटा १०-१० किलोनेच सरकतो. ४१०, ४२०, ४३०, आणि थांबला.

डावं ४३०. उजवं ३३०.

३७५ च्या टायरवर ४३०. ह्यांनी खिशातून मोबाइल काढून फोटो काढला आणि काहीच बोलले नाहीत. आम्ही दोन वर्षं ह्या टायरवर मुलांना घेऊन फिरत होतो.

बरं हे डावीकडेच का, तर त्याचंही उत्तर साधं आहे. आपल्याकडे गाडी डावीकडे लागते, म्हणून ट्रेलरचं दार आणि किचन डाव्या बाजूला उघडतं, रस्त्याच्या बाजूला नाही. किचन डावीकडे म्हणून पाण्याची ८० लिटरची टाकी डावीकडे, म्हणजे ८० किलो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी वायर कमी लागावी म्हणून तिथेच, ती ५५ किलोच्या आसपास. सिलेंडर तिथेच. आणि ओट्याला मी ग्रॅनाइट घ्यायला लावलं होतं, पुसायला सोपं म्हणून, तो एवढासा तुकडा २६ किलो भरला. त्यात आपले रस्ते कडेला उतरते असतात पाणी वाहून जायला, म्हणजे सरळ चालतानाही वजन थोडं डावीकडेच झुकतं. कोणाचीही मोठी चूक नाही, सगळे निर्णय एकेकटे बघितले तर बरोबर होते, बेरीज कोणी केली नव्हती.

आणि ह्या सगळ्यात आम्ही हवा ठेवत होतो ३०, नंतर मुरबाडच्या सल्ल्याने २५. आता ही हवा उन्हाळ्यात कमी ठेवायची गोष्ट आपल्याकडे सगळीकडे सांगतात आणि ती चुकीची आहे, कृपया ऐकू नका. टायरवर ३७५ लिहिलंय ते पूर्ण हवेला, अशा कारच्या टायरला ती साधारण ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, वरचे ३० आणि २५ पण त्यातलेच) असते. हवा कमी केली की पेलायची ताकदही कमी होते. म्हणजे आमचा टायर २५ वर ३७५ सुद्धा पेलू शकत नव्हता. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त गरम होतो, आणि फुटतो तो त्या उष्णतेने. पहाटे थंड टायरमध्ये भरलेली योग्य हवा दुपारी ४-५ पीएसआय वाढली तरी टायर त्यासाठीच बनवलेला असतो.

ह्यातूनच घरच्या घरी करायची एक तपासणी मिळते. काट्यावर जायच्या आधी आम्हाला ही माहिती असती तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. निघताना टायर थंड असताना दोन्हीकडे हवा अगदी सारखी करा, गेज स्वतःचा ठेवा, पंपावरच्या मशिनवर विसंबू नका. तास-दीड तास चालवून थांबा आणि लगेच परत मोजा. आम्ही खोपोलीनंतर मुद्दाम करून बघितलं, दोन्ही ३० वर सोडले होते, वडखळला थांबलो तर उजवा ३४ आणि डावा ३७. जो जास्त वाढला त्याच्यावर जास्त ताण आहे, इतकं सरळ आहे ते. आणि तेव्हा गरम टायरमधली वाढलेली हवा सोडून देऊ नका, नाहीतर थंड झाल्यावर तो आणखी कमी हवेवर जाईल. हवा मोजून झाली की हाताची मागची बाजू हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या भागाजवळ, न्या, एकदम टेकवू नका, चटका बसेल.

हब गरम लागला आणि टायर त्या मानाने थंड असेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे, ते बेअरिंग किंवा ब्रेकचं असतं. ट्रेलर पावसाळ्यात चार महिने हँडब्रेक लावून उभा असेल तर ब्रेक शू ड्रमला चिकटून गंजतात आणि मग चालताना घासत राहतात, म्हणून उभा करताना हँडब्रेक सोडून चाकाखाली ठोकळे लावायचे. बेअरिंगसाठी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, खटखट वाजलं किंवा फिरवताना घरघर आली की उघडून ग्रीस बघायचं. टायर एकाच कडेने झिजत असेल, आतल्या किंवा बाहेरच्या, तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा चाकं सरळ रेषेत नाहीत, तो फॅब्रिकेटरकडेच जाऊन सरळ करून घ्यावा लागतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग नवा तर हवा कमी, मधला झिजला तर हवा जास्त. पण खरं सांगते, वर्षाला तीन हजार किलोमीटरमध्ये झिजेतून काही कळेल ह्याची वाट बघू नका, ट्रेलरचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो.

ते म्हातारपण हा आमचा दुसरा टायर. तो मी मामांना फोटोत दाखवला तेव्हा त्यांनी साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे मोठे करून वाचायला सांगितले. १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. आम्ही तो २०२३ मध्ये "नवीन" म्हणून घेतला होता, दुकानातच सहा वर्षं पडून होता! ट्रेडवर रबराचे केस होते म्हणून आम्हाला नवीन वाटला. आता टायर बसवून घ्यायच्या आधी मी स्वतः वाकून तो आकडा वाचते, एका वर्षापेक्षा जुना असेल तर नको म्हणते, बसवल्यावर तो आकडा वहीत लिहिते, आणि पाच वर्षं झाली की ट्रेड कितीही असू दे, काढायचा. सातच्या पुढे तर कोणीही नेऊ नये.

उभा टायर जास्त लवकर खराब होतो, हे मला मामांकडूनच समजलं. रबरात भेगा पडू नयेत म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, चाक फिरतं, टायर दबतो तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ऊन-हवेपासून वाचवतात. रोज चालणाऱ्या गाडीला हे आपोआप मिळतं. ट्रेलर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हलतच नाही, आणि आमच्या सोसायटीत ओपन पार्किंग, उरलेल्या महिन्यात दुपारनंतरचं ऊन थेट डाव्या बाजूवर. साइडवॉलवर केसासारख्या बारीक भेगा होत्या, मी धूळ समजत होते. आता आम्ही काय करतो, पावसाळ्यात अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून चाकं जमिनीवरून उचलतो म्हणजे एकाच जागी दबून चपटी होत नाहीत, आणि हवा पूर्ण ठेवतो. बाकी वेळी टायर प्लायवुडच्या तुकड्यावर उभे, पांढऱ्या जाड कापडाची टोपी घातलेली, आणि ट्रिप नसली तरी तीन आठवड्यातून एकदा सेक्टरला एक चक्कर. चमकवायची पॉलिश अजिबात लावायची नाही, तेलकट पॉलिशने रबर आणखी सुकतं, नुसतं पाणी आणि साधा साबण पुरे.

आता शेवटी काय बसवलं ते. १४५ आर १२ एलटी (लाइट ट्रक, म्हणजे छोट्या मालगाडीचा टायर), ८ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा), लोड इंडेक्स ८६, म्हणजे एका टायरला ५३० किलो. टाटा एसला हाच साइज असतो त्यामुळे तुर्भे, कळंबोली, वागळे इस्टेट कुठेही मिळतो, रस्त्यात अडलो तरी मिळतो, हे मला सगळ्यात मोठं सुख वाटतं. बाहेरून बघितला तर जुन्यासारखाच दिसतो, त्यामुळे साइज सारखा दिसला म्हणून फसू नका, एलटी आणि लोड इंडेक्स हे दोनच बघा. अर्थात ह्या टायरची पूर्ण हवा ६५ पीएसआयपर्यंत जाते आणि साधं कारचं रिम त्यासाठी बनवलेलं असेलच असं नाही, म्हणून आम्ही पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, जुळवून रिमही जड घेतले. व्हॉल्व्हचंही तसंच. आपले नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह जेमतेम ६५ पर्यंतचे असतात, आणि आम्हाला त्याच्यावर हवा दाखवणारे सेन्सर लावायचे होते, सेन्सरच्या वजनाने रबर मुळाशी चिरतं, म्हणून नट लावून बसणारे मेटलचे व्हॉल्व्ह घेतले. सेन्सरचा डिस्प्ले बोलेरोत डॅशबोर्डवर आहे, हवा पडली की आवाज देतो. मी म्हणेन बाकी काही नाही जमलं तरी हे लावाच.

टायर मोठा घेतला म्हणून वजन तसंच ठेवलं नाही. बॅटरी उजवीकडे बेडखाली नेली, ग्रॅनाइट काढून स्टीलचा पत्रा टाकला, आणि प्रवासात पाण्याची टाकी पाव भरते, मुक्कामाला पोचल्यावर भरायची. परत कळंबोलीला गेलो, त्याच काट्यावर, ह्या वेळी दादांनी न विचारता डावं चाक चढवून दिलं. टाकी फुल असताना डावं ३८०, उजवं ३६०. हवा आम्ही ५२ ठेवतो. ती आम्ही डीलरकडच्या वजन आणि हवेच्या तक्त्यावरून काढली आणि वर थोडी जास्त धरली. तुमचा आकडा तुमच्या वजनावरून काढा, माझा उचलू नका. चाकाचे नट ट्रेलरला नवीन बसवल्यावर ५० किलोमीटरनंतर परत आवळायचे, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

तेव्हापासून दिवेआगरला दोनदा आणि माळशेजला एकदा जाऊन आलो. दोन्ही बाजूंची वाढ आता सारखी असते, दीड तासाने ५८-५८.

स्टेपनीबद्दल राहिलंच. ती ट्रेलरच्या पोटाखाली टांगलेली असते, चिखल खाते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. तिच्यावरचे चार आकडे आजच वाचा, हवा आजच मोजा, आणि तीही एलटीच हवी. आणि घरीच, सोसायटीच्या आवारात, एकदा चाक बदलून बघा. पेणला आमच्या बोलेरोचा जॅक बसलेल्या ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली गेलाच नव्हता, नटांचा पानाही वेगळ्या नंबरचा निघाला, आणि दोन तास हायवेच्या कडेला मुलांना घेऊन उभे होतो. आता ट्रेलरच्या पेटीत बुटका जॅक, त्याच नंबरचा पाना, दोन ठोकळे आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण कायमचे आहेत.

कोणाचा टायर असाच एका बाजूचा जात असेल तर विचारताना टायरवरचा पूर्ण आकडा, शेवटचे चार आकडे, थंड आणि गरम हवा, आणि जमलं तर दोन्ही चाकांचं वेगवेगळं वजन एवढं लिहा, मी नक्की बघेन.